शिजियाझुआंग येथील समाधी

आपल्या धर्मशास्त्राने मनुष्यास जन्मतःच ऋणको मानिले आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांच्या परिचयाची आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथ्या मनुष्यऋणाची भर घातली असून, आल्यागेल्यास आश्रय व अन्न देऊन ते फेडावे असे सांगितले आहे. पहिल्या तिहींच्या फेडीचे विधी ठरलेले आहेत. चौथ्याचा ना संकल्प ठरलेला, ना मुहूर्त. म्हणूनच की काय, त्याचा विसर आपणांस सर्वांत लवकर पडतो. या विसरलेल्या ऋणाची आठवण करून देणारे एक स्थान उत्तर चीनमधील शिजियाझुआंग या शहरी आहे, आणि तेथे विसावलेला पुरुष आपल्या सोलापूरचा आहे. यास्तव त्या शहराची ओळख आपल्या वाचकांस करून द्यावी, असा या लेखाचा उद्देश आहे.

चीनला जाणारा आपला प्रवासी बहुधा बीजिंगचा राजवाडा, प्रसिद्ध भिंत, शिआनचे मातीचे सैन्य आणि शांघायचे वैभव पाहून परततो. बीजिंगच्या नैर्ऋत्येस सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर असलेल्या शिजियाझुआंगचे नाव त्याच्या यादीत क्वचितच असते. त्यास कारणही आहे. हेबै प्रांताच्या या राजधानीस प्राचीनत्वाचा वारसा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ते एक लहानसे खेडे होते. बीजिंगहून हांकौस जाणारा लोहमार्ग १९०६ मध्ये पुरा झाला, आणि तायुआनकडून येणारा दुसरा मार्ग १९०७ मध्ये त्यास येथे येऊन मिळाला. हा दुसरा मार्ग वस्तुतः उत्तरेस असलेल्या झेंगडिंग या पुरातन नगरापासून निघावयाचा होता. परंतु मध्ये हुतुओ नदी आडवी येत होती. पुलाचा खर्च वाचावा म्हणून मार्गाचा आरंभ नदीच्या अलीकडे, या खेड्यापाशी करण्यात आला. मार्गाचे नाव झेंगडिंगचे राहिले, भाग्य मात्र शिजियाझुआंगचे उजळले. तो मार्ग मीटरगेज होता, हे वाचून हुबळीच्या जुन्या प्रवाशांस आपल्या गाड्या आठवल्यावाचून राहणार नाहीत. रेल्वेने हुबळीस कोणते रूप दिले, हे आपण धारवाडकर शेजारी राहून पाहत आलोच आहो.

पुढे तेथे कापसाच्या गिरण्या निघाल्या, १९५० च्या दशकात प्रतिजैविके बनविणारा मोठा कारखाना उभा राहिला, आणि १९६८ मध्ये प्रांताची राजधानी तेथे आली. २०२० च्या जनगणनेत शहर व त्याच्या अखत्यारीतील प्रदेश मिळून लोकसंख्या एक कोटीच्या वर भरली. गिरण्यांचे गाव म्हणून सोलापूरकरास ते परके वाटू नये.

परंतु श्रद्धाळू यात्रेकरूने प्रथम नदी ओलांडून झेंगडिंगला जावे. ते अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. तेथील लोंगशिंग मंदिराची स्थापना इ. स. ५८६ मध्ये, स्वी राजवंशाच्या काळी झाली. म्हणजे आपल्या बदामीस चालुक्यांचे राज्य नुकतेच स्थिरावत होते तेव्हाचे हे देवस्थान. येथील मुख्य मूर्ती क्वानयिनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची. सोंग वंशाच्या पहिल्या सम्राटाच्या आज्ञेने ती ९७१ मध्ये ओतविण्यात आली. काशाची ही मूर्ती एकवीस मीटरहून उंच असून तिला बेचाळीस हात आहेत. काळाच्या ओघात मूळचे बहुतेक हात नाहीसे झाले व त्यांच्या जागी लाकडी हात बसविण्यात आले. छातीशी जोडलेले दोन हात तेवढे मूळचे राहिले आहेत. करुणेची ही देवता आपल्याकडूनच तिकडे गेली. मुंबईनजीक कान्हेरीच्या एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आजही उभा आहे. इकडे ती पुरुषरूपाने राहिली, तिकडे लोकांनी तिला माउली केले. रूप पालटले, परंतु आर्तांची हाक ऐकण्याचे तिचे व्रत पालटले नाही.

याच नगरात लिन्जी मंदिराचा स्तूप आहे. नवव्या शतकातील ज्या आचार्यांच्या नावाने ध्यानमार्गाची एक शाखा जपानपर्यंत पोहोचली, त्यांच्या अस्थींवर तो उभारलेला आहे. गुरूंच्या समाधीपुढे मस्तक ठेवण्याची सवय असलेल्या आपल्या मठानुयायांस या स्थानाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

या दोन देशांतील जाणेयेणे एकतर्फी नव्हते. सातव्या शतकात ह्युएन-त्संग हा चिनी यतिवर आपल्या भागांतून फिरून गेला. त्याने कोंकणपुराचा उल्लेख केला आहे आणि दुसऱ्या पुलकेशीच्या अमलाखालील महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेविले आहे. तेथील लोक स्वाभिमानी आहेत, अपमानाचा सूड घेतल्यावाचून राहत नाहीत. पण उपकारकर्त्याचा उपकारही ते कधी विसरत नाहीत, अशा आशयाचा अभिप्राय त्याने दिला आहे. ही साक्ष वाचकांनी ध्यानात ठेवावी. तेराशे वर्षांनंतर तिची उलटतपासणी करण्याचा प्रसंग आला आहे.

१९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. त्या वेळी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या आपल्या देशाने वर्गणी गोळा केली आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठविले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली. १० ऑक्टोबर १९१० चा जन्म असलेले कोटणीस तेव्हा पुरते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ते शिकून बाहेर पडले होते.

चीनमध्ये पोहोचल्यास काही महिनेच लोटले असता वडिलांच्या मृत्यूची वार्ता त्यांच्या हाती पडली. परत जावे असे सहकाऱ्यांनी सुचविले. ज्या समाजात पुत्राने पित्यास अग्नी व पिंड देणे हे परमकर्तव्य गणले जाते, त्यातील एका तरुणापुढे तो केवढा पेच असेल, याची कल्पना या मासिकाच्या वाचकांस सहज करता येईल. कोटणीस परतले नाहीत. त्यांनी पितृऋणाची अवहेलना केली असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. दोन ऋणे एकाच वेळी देय झाली. एकाच्या फेडीस घरी भावंडे होती, दुसऱ्याच्या फेडीस त्या रणभूमीवर त्यांच्यासारखे फार थोडे होते. त्यांनी निवड केली, आणि तिचा भार निमूटपणे वाहिला.

१९३९ च्या आरंभी पथक येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात, प्रत्यक्ष आघाडीच्या मागे काम करू लागले. तेथे त्यांच्यापूर्वी नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद सेवा करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते निवर्तले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. रुग्णालय म्हणजे खेड्यातील घरे. औषधांचा तुटवडा नित्याचा. तशा स्थितीत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकून त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकविले आणि शल्यशास्त्रावर पाठ्यपुस्तके लिहावयास घेतली. त्यांतील एक अपुरेच राहिले.

पथकातील सर्वांनी आपल्या नावांच्या चिनी रूपास ‘ह्वा’ हे अक्षर जोडून घेतले होते. त्याचा अर्थ चीन. कोटणीस तेथे ‘के दिह्वा’ झाले. बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात त्यांची गुओ चिंगलान या परिचारिकेशी ओळख झाली, आणि १९४१ च्या नोव्हेंबरात दोघे विवाहबद्ध झाली. पुढील ऑगस्टमध्ये पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनह्वा’, म्हणजे भारत आणि चीन, असे ठेवण्यात आले. पण हे सुख फार दिवस लाभावयाचे नव्हते. अपस्माराचे झटके येत असतानाही काम न सोडणारा हा वैद्य ९ डिसेंबर १९४२ रोजी तांग परगण्यातील गेगोंग या खेड्यात मृत्यू पावला. वय अवघे बत्तीस.

गावकऱ्यांनी देशरीतीप्रमाणे त्यांना तेथेच भूमीत ठेविले. १९५३ मध्ये अवशेष शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानोद्यानात आणण्यात आले. आज बेथ्यून आणि कोटणीस या दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. आपल्या शास्त्राप्रमाणे गृहस्थास अग्निसंस्कार, भूमिसमाधी ती संन्याशाची; कारण त्याने आपले श्राद्ध स्वहस्ते आटोपलेले असते. कोटणीस संन्यासी नव्हते, संसारी होते. तथापि घर, गाव, भाषा आणि अखेर नावही ज्याने परक्यांच्या सेवेत वाहिले, त्याला मिळालेली ही भूमी आपल्या मठांतील समाध्यांच्या व वृंदावनांच्या अर्थापासून फार दूर नाही, असे मला नम्रपणे वाटते.

चिनी लोकांत एप्रिलच्या आरंभी चिंगमिंग नावाचा पर्वकाल असतो. त्या दिवशी पूर्वजांची थडगी झाडून स्वच्छ करून फुले वाहण्याची रीत आहे. आपल्या पितृपक्षाचेच ते भावंड. शिजियाझुआंगच्या या उद्यानातही त्या दिवसांत लोक येतात. ज्याच्या अंगी त्यांच्या कुळाचे रक्त नाही, त्याच्या समाधीवर पूर्वजाप्रमाणे फुले वाहिली जातात. त्याच शहरी कोटणीसांच्या चिनी नावाने १९९२ मध्ये एक वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले असून तेथील विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो डावलता येण्यासारखा नाही. कोटणीस १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते, आणि त्यांची स्मृती जपणारी राजवट तीच आहे. त्याच राजवटीत सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत देवळे व विहार उद्ध्वस्त झाले. १९६२ मध्ये तिच्या सैन्याने आपल्यावर आक्रमण केले. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. त्याच वर्षी या विद्यालयासाठी कोटणीसांचा नवा ब्राँझचा पुतळा घडविण्यात आला. तेव्हा या स्मरणात राजकारण मुळीच नाही, असे कोण म्हणेल? पण राज्यकर्त्यांनी एखाद्या स्मृतीचा उपयोग करून घेतला म्हणून ती खोटी ठरत नाही. युद्धाच्या वर्षांतही ती समाधी हलविली गेली नाही. आणि ज्या जखमींवर कोटणीसांनी उपचार केले, त्यांचे ऋण कोणत्याही सरकारच्या खात्यावर मांडता येत नाही.

वकिलाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, मुदतीच्या कायद्यान्वये सामान्य कर्जाची वसुली तीन वर्षांनंतर मागता येत नाही. परंतु त्यामुळे ऋण नष्ट होते असे नव्हे, केवळ वसुलीचा उपाय संपतो. शिवाय मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी कबुली दिली, तर मुदत नव्याने सुरू होते. चिंगमिंगची फुले आणि विद्यार्थ्यांची शपथ या अशाच कबुल्या आहेत. वर्षावर्षाला त्या दिल्या जातात, म्हणून ते ऋण मुदतबाह्य होत नाही.

आता आपल्या बाजूचा हिशेब पाहू. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला; १९९३ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढले; सोलापुरात जन्मघरी स्मारक झाले आहे. हे सारे योग्यच झाले. परंतु चित्रपट उतरतो, तिकिटे संग्रहात जातात, आणि स्मारकाची किल्ली रखवालदाराकडे राहते. विधी झाल्याखेरीज आपल्या समाजात स्मृती टिकत नाही, हे सत्य देवस्थानांशी निगडित असलेल्या आपणांइतके कोणास ठाऊक असणार? देवळाच्या नंदादीपास तेल घालणाऱ्याचे नाव शिलालेखात कोरलेले असते, पण ते स्मरणात राहते ते दर वर्षी उच्चारले जाते म्हणून.

कोटणीसांचा एकुलता एक पुत्र यिनह्वा वैद्यकीय शिक्षण पुरे होत आले असता १९६७ मध्ये वारला. पत्नीने दीर्घायुष्य भोगून २०१२ मध्ये दालियन येथे देह ठेविला. म्हणजे पिंड देणारा पुत्र आता नाही. अशांसाठी आपल्या पूर्वजांनी तरतूद केलेली आहे. महालयाच्या तर्पणात आपण केवळ पिता व पितामह यांस उदक देत नाही. गुरू, आप्त, मित्र यांचीही नावे घेतो, आणि ज्यांना देणारे कोणी उरले नाही त्यांनाही ओंजळ देतो. त्या ओंजळीत सर्वपित्री अमावास्येस एक नाव अधिक घेण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नसावी. ज्या देवस्थानांत धर्मादाय दवाखाने चालतात, तेथे ९ डिसेंबर रोजी रुग्णांसाठी काही विशेष सेवा करता येईल. मनुष्यऋणाची फेड आश्रयाने व अन्नाने करावी, हे जे वचन आरंभी सांगितले, ते यात पाळले जाईल.

उपकार न विसरणारे लोक, असे ह्युएन-त्संगाने आपल्याविषयी लिहिले. कोटणीसांचा उपकार चिनी लोकांवर झाला आणि तो त्यांनी स्मरणात ठेविला. पण पारतंत्र्यातील दरिद्री देशाचे नाव परभूमीवर दाता म्हणून नोंदविले गेले, हा त्यांचा उपकार आपल्यावरही आहे, आणि त्याची कबुली देणे अद्याप आपल्याकडे बाकी आहे.