हस्तर आला कुठून? एका नावाचा माग आणि आपल्याला आवडणारी भीती



पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली होती. आज तिथूनच सुरुवात करते. माझा विषय थिन फिल्म्स, म्हणजे काचेच्या तुकड्यावर चढवलेले काही नॅनोमीटर जाडीचे थर. प्रगती अहवालात मी एका जुन्या पेपरचा संदर्भ दिला होता. तो पेपर मी वाचलेलाच नव्हता, दुसऱ्या एका पेपरच्या संदर्भयादीतून सरळ उचलला होता. सादरीकरणाला आलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी शांतपणे विचारलं, "त्या पेपरमध्ये थर किती तापमानाला तयार केलाय?" मला सांगता आलं नाही. नंतर धडपड करून मूळ पेपर मिळवला, तर तापमान वेगळं होतंच, पदार्थही वेगळा निघाला. मधल्या कुणीतरी चूक केली होती आणि पुढच्या सगळ्यांनी ती जशीच्या तशी घेतली होती. त्या रांगेत शेवटी मी उभी होते.

त्यानंतर मी एक सराव सुरू केला. आपल्याला आवडणारी कुठलीही गोष्ट घ्यायची आणि ती कुठून आली, कशी बदलत आली, हे मागे मागे जात शोधायचं. पहिल्यांदा घेतला 'तुंबाड'. (सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, पुढे कथा उघड होणार आहे.)

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात या सिनेमाने झाली होती. आपल्याकडे तेव्हा त्याला बेताचीच गर्दी झाली. पण १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मी तेव्हाच मोठ्या पडद्यावर पाहिला. शेवट सगळ्यांना माहीत होता, तरी थिएटर भरलेलं होतं. मला प्रश्न पडला, की ज्या भीतीचं गुपित आधीच कळलंय ती पुन्हा पैसे देऊन का घ्यावीशी वाटते?

अशा सिनेमांना कॉस्मिक हॉरर म्हणतात. आपण वैश्विक भय म्हणू. भुताच्या गोष्टीत भूत आपल्या मागे लागतं, म्हणजे त्याला आपल्याशी काहीतरी देणंघेणं असतं. वैश्विक भयात भीती वाटते ती याची, की विश्व प्रचंड आहे, फार जुनं आहे आणि त्याच्या हिशेबात माणूस कुठेच नाही. या प्रकारचा सगळ्यात प्रसिद्ध लेखक अमेरिकेतला एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७). तो हौशी खगोलनिरीक्षक होता, तरुणपणी स्थानिक वर्तमानपत्रांतून खगोलशास्त्रावर सदरं लिहायचा. त्याचा काळ बघा. १९१९ च्या सूर्यग्रहणात आइनस्टाइनचा सिद्धांत तपासला गेला. १९२४ मध्ये एडविन हबलने दाखवून दिलं की देवयानी ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची, स्वतंत्र दीर्घिका आहे. दहा वर्षांच्या आत माणसाचं घर एकदम लहान झालं. ही बातमी काहींना आनंदाची वाटली. लव्हक्राफ्टने तिच्यातली भीती कथांमध्ये उतरवली.

आता नावाचा माग काढू. 'तुंबाड'मधल्या राक्षसी देवाचं नाव हस्तर. आपल्या कुठल्याही पुराणातलं हे नाव नाही. पण इंग्रजी भयकथांमध्ये हॅस्टर नावाचा कुणीतरी आहे आणि त्याचा प्रवास शंभर वर्षांहून जुना आहे.

पहिला मुक्काम १८९१. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या 'हैता द शेफर्ड' या कथेत हॅस्टर हा मेंढपाळांचा देव आहे. चक्क दयाळू! डोंगरातून पुराचं पाणी उतरतं तेव्हा भोळा हैता त्याला बजावतो, की खालच्या शहरांनाही वाचव, नाहीतर मी तुझी पूजा बंद करीन. आणि देव त्याचं ऐकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

दुसरा मुक्काम १८९५. रॉबर्ट चेंबर्सच्या 'द किंग इन यलो' या कथासंग्रहात हेच नाव येतं, पण देव म्हणून नाही. एका कथेत ते ताऱ्यांच्या नावांसोबत, कुठल्यातरी दूरच्या ठिकाणासारखं येतं, तर दुसऱ्या कथेत ते चक्क एका नोकराचं नाव आहे. नाव राहिलं, अर्थ गळून पडला.

तिसरा मुक्काम लव्हक्राफ्टचा. १९३० च्या फेब्रुवारीत क्लाइड टॉमबॉ या २४ वर्षांच्या तरुणाने प्लूटो शोधला, मार्चमध्ये ते जाहीर झालं. लव्हक्राफ्ट त्याच काळात 'द व्हिस्परर इन डार्कनेस' लिहीत होता. त्याने तो नवा ग्रह लगेच कथेत घेतला. ही कथा १९३१ मध्ये छापून आली. तिच्यात भयंकर नावांची एक यादी आहे आणि त्या यादीत हॅस्टर आहे. तो कोण, कसा, याचा खुलासा नाही. नुसता उल्लेख, आणि नेमकी त्याचीच भीती वाटते.

चौथा मुक्काम १९३९. लव्हक्राफ्टच्या मृत्यूनंतर ऑगस्ट डर्लेथने 'द रिटर्न ऑफ हॅस्टर' ही कथा लिहिली आणि त्या नावाला शरीर, नातीगोती, वैर असं सगळं देऊन टाकलं. पाचवा मुक्काम १९८४. स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेत एक मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीबरोबर घरात एकटा आहे. या आजीच्या काळ्या विद्येत हॅस्टरचं नाव येतं.

इथून वाट आपल्या अंगणात शिरते. नारायण धारप (१९२५–२००८) तुम्ही वाचले असतीलच. निदान घरातल्या मोठ्यांनी वाचनालयातून आणलेलं त्यांचं एखादं पुस्तक तरी पाहिलं असेल. किंगच्या कादंबरीवर बेतलेली त्यांची 'लुचाई' प्रसिद्ध आहे. त्यांची 'आजी' ही कथा 'ग्रॅमा'वर बेतलेली मानली जाते. दिग्दर्शक बर्वे यांनी सांगितलं आहे, की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची कथा ऐकवली आणि 'तुंबाड'चं बीज तिथे पडलं. सिनेमाचं नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीवरून आलं. कथानकाशी तिचा संबंध नाही.

आता जरा थांबा आणि संशोधक म्हणून विचार करा. 'ग्रॅमा' आली १९८४ मध्ये. मित्राने गोष्ट सांगितली १९९३ मध्ये. 'आजी' खरोखर 'ग्रॅमा'वर बेतलेली असेल आणि मित्राने तीच सांगितली असेल, तर ती या नऊ वर्षांतच लिहिली गेली असली पाहिजे. पुस्तक हातात नसतानाही आपण तिला दोन तारखांच्या मध्ये पकडलं. इतिहासकार हे नेहमी करतात. पण या वाक्यात दोनदा 'असेल' आलंय, ते गाळू नका. लिहिताना आपण नेमकं तेच गाळतो. हॅस्टर आणि हस्तर ही नावं सारखी आहेत म्हणून एक दुसऱ्यातून आलं, हे अजून अनुमान आहे. ते पक्कं करायचं तर मधली प्रत्येक कडी स्वतः वाचायला हवी. शिवाय जंगलात तोंडी सांगितलेल्या गोष्टीची प्रत कुठल्याच ग्रंथालयात मिळत नाही. ती कडी कायम 'दिग्दर्शकाच्या सांगण्यानुसार' अशीच लिहावी लागणार.

पण माग काढून मला जास्त काय मिळालं, तर नाव सरकताना काय बदललं ते. लव्हक्राफ्टच्या विश्वाला माणसाशी कर्तव्य नाही. 'तुंबाड'च्या हस्तरला आई आहे, समृद्धीची देवी. तो तिचा पहिला मुलगा. त्याने आईचं सोनं घेतलं, धान्यावर हात टाकला, तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवलं ते एका अटीवर, की त्याची पूजा कधी होणार नाही. म्हणून त्याच्याजवळ सोनं आहे आणि पोटात भूक आहे. विनायक पिठाची बाहुली टाकतो, हस्तर तिच्यावर झडप घालतो, तेवढ्यात विनायक मोहरा काढून घेतो. इथे नियम आहेत, अट आहे, हिशेब आहे. मरतो तो लोभी माणूस. आपल्या आजीने सांगितलेल्या कहाणीसारखंच की हे.

असं का होतं, याचं एक उदाहरण आपल्या जवळचंच आहे. लोणार बुलडाणा जिल्ह्यात असलं तरी जिंतूरकडच्या माणसाला ते लांब नाही. काळ्या बसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर आकाशातून आलेल्या दगडाने झालं. त्या दगडाला कुणाचा राग नव्हता, कुणाला शिक्षा द्यायची नव्हती. पण आपली लोककथा सांगते, की तिथे जमिनीखाली लवणासुर लपला होता आणि विष्णूने त्याला मारलं. दैत्यसूदनाचं देऊळ आजही लोणारला उभं आहे. कारण नसलेल्या घटनेला माणसाने कारण दिलं. (गंमत म्हणजे विज्ञानाचंही इथे एकमत पटकन झालं नाही. एका पद्धतीने विवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं, तर आर्गॉन पद्धतीने पावणेसहा लाखांच्या आसपास. पद्धत कोणती वापरली हे न सांगता वय सांगू नका.)

माझं म्हणणं असं, की वैश्विक भयाची ओढ या दोन टोकांच्या मध्ये आहे. आकाश आपल्याकडे बघत नाही, ही शंका प्रत्येकाला कधीतरी चाटून जाते. सिनेमा ती शंका दोन तास सुरक्षित अंधारात अनुभवू देतो. 'द थिंग' १९८२ मध्ये आला तेव्हा पडला. त्यात शेवटी कसलाच दिलासा नाही. पुढे लोकांनी तो डोक्यावर घेतला. 'तुंबाड' दिलासा देतो, विनायकचा मुलगा शेवटी मोहरा नाकारतो. पण हस्तर मेलेला नसतो. देवीच्या गर्भातली भूक तशीच राहते, विनायक आला काय आणि गेला काय. लोभाची शिकवण घेऊन आपण बाहेर पडतो आणि ती न संपणारी भूकही सोबत येते. मला वाटतं, थिएटर दुसऱ्यांदा भरलं ते यामुळे.

शेवटची गोष्ट पावसाची. तुंबाडमध्ये सतत पाऊस पडतो, कारण हस्तरचं देऊळ बांधलं म्हणून देव कोपलेत. थिएटरमध्ये माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण पहिल्या दहा मिनिटांतच कुजबुजली, "हा शाप आमच्याकडे पाठवा की!" ती सेलूची, मी परभणीची. दोघी हसलो. पण विचार करा, कोकणात पडणारा पाऊस आणि आपला हजार मिलिमीटरच्या आतला पाऊस यांत तिपटीचा फरक आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला भीती कोरड्या आभाळाची असते. सिनेमातला काळही तसाच. त्याचे तीन भाग १९१८, १९३३ आणि १९४७ मध्ये घडतात आणि शेवटचा स्वातंत्र्याशी जोडलेला आहे. परभणीत १९४७ ला स्वातंत्र्य आलं नव्हतं. आपण निजामाच्या राज्यात होतो, ते संपायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावं लागलं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणायला ठीक आहे, पण ४७ साली परभणी भारतात यायची होती.

आणि आता तो पहिला मेंढपाळ आठवा. १८९१ चा हॅस्टर लोकांना पुरापासून वाचवत होता. २०१८ च्या हस्तरमुळे पाऊस थांबत नाही. मधल्या १२७ वर्षांत प्रत्येकाने हे नाव आपल्या गावच्या भीतीप्रमाणे बदलून घेतलं. मराठवाड्यातल्या कुणी उद्या ही गोष्ट लिहिली, तर तिच्यात आभाळ फाटणार नाही, आटेल.

तुमच्यासाठी काम देते. जिल्ह्याच्या किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात जा, धारपांची 'आजी' शोधा आणि तिच्यात नाव काय आहे ते स्वतः बघा. आवृत्ती, साल आणि पान क्रमांक वहीत टिपून घ्या. मला सापडलं म्हणून कुणी सांगितलं तर त्याला पान विचारा. मला त्या दिवशी तापमान विचारलं होतं, तसंच.

मीही याच शनिवारी ग्रंथालयात जाणार आहे. भेटलात तर चहा माझ्याकडून.