२३ खंड, एक संपादक आणि माझे ४० पैसे

कुंभिवलीतून बोलतोय. मागे पावसाचा आवाज येईल, आमच्या वरच्या खोलीला पत्रा आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून. नोकरी सांभाळून मी फ्रीलान्स लिखाणाची कामं घेतो. कामं वाढली तशी मी ती दुसऱ्यांना वाटायला लागलो. हिशोब सोपा होता. क्लायंट शब्दाला १ रुपया द्यायचा, मी लिहिणाऱ्याला ६० पैसे द्यायचो. १००० शब्दांमागे ४०० रुपये माझे, बसल्या जागी. दोन महिने मस्त चाललं. मग एके रात्री कंटाळा आला म्हणून एक लेख न वाचताच पुढे पाठवला. त्यात एक परिच्छेद दोनदा आला होता आणि एक आकडा चक्क चुकीचा होता. क्लायंट गेला. मी लिहिणाऱ्या मुलावर चिडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "दादा, मला वाटलं तू वाचशील."

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. ते ४० पैसे मी नक्की कशाचे घेत होतो? उत्तर शोधताना मी जाऊन पोचलो शंभर वर्षं मागे, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर या माणसापाशी.

केतकरांचा जन्म १८८४ चा, रायपूरचा. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन १९१२ च्या सुमारास भारतात परत आले. डोक्यात एक वेड होतं: जगातलं सगळं ज्ञान मराठीत, एका कोशात आणायचं. एकट्याने लिहून होण्यातलं हे काम नव्हतं, म्हणजे लोकांकडून लिहून घेणं आलं. आणि लोकांकडून लिहून घ्यायचं तर पैसा आला.

तेव्हा असलं काम कोणीतरी संस्थानिक किंवा सरकार पोसणार, अशी रीत. केतकरांनी काय केलं? लिमिटेड कंपनी काढली! १९१६ च्या सुमारास नागपुरात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ' उभं राहिलं. लोकांना शेअर विकले, आणि पुस्तक हातात यायच्या आधीच वर्गणीदार गोळा केले. आपण ज्याला क्राउडफंडिंग म्हणतो, तेच. पुढे काम पुण्याला आलं. तिथे सहकाऱ्यांचा संपादकवर्ग बसायचा, ज्ञानकोशाचा स्वतःचा छापखानाही होता. १९२० पासून खंड यायला लागले आणि त्या दशकाच्या शेवटापर्यंत २३ खंड पूर्ण झाले.

आता जरा लंडन-ऑक्सफर्डकडे बघा, म्हणजे हा वेग कळेल. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये लोकांना आवाहन केलं: पुस्तकं वाचा, शब्द कुठे कसा वापरलाय ते चिठ्ठीवर लिहा आणि पाठवा. चिठ्ठ्यांचा पाऊस पडला, तोही फुकट. काम दहा वर्षांत उरकेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग आला तेव्हा गाडी 'अँट' या शब्दापर्यंतच पोचली होती! कोश पूर्ण झाला १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच गेले होते. कारण काय? कच्चा माल बाहेरून हवा तेवढा मिळतो, पण प्रत्येक चिठ्ठी तपासायची, अर्थ लावायचा, व्याख्या लिहायची, हे काम मोजक्याच लोकांना करावं लागतं. लिहिणारे वाढवले की तपासणाऱ्याचं काम कमी होत नाही, उलट वाढतं. सॉफ्टवेअरवाल्यांनो, कोड रिव्ह्यू आठवला ना?

केतकरांच्या घरातच याचं एक सुंदर उदाहरण आहे. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई, माहेरच्या इडिथ कोन. विंटरनिट्झ या विद्वानाने भारतीय साहित्याचा मोठा इतिहास जर्मनमध्ये लिहिला होता. कलकत्ता विद्यापीठाने त्याचं इंग्रजी भाषांतर काढलं, पहिला खंड १९२७ चा. भाषांतर केलं शीलवतीबाईंनी. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर दोन गोष्टी छापल्या आहेत: भाषांतर 'मिसेस एस. केतकर' यांचं, आणि ते मूळ लेखकाने तपासलेलं आहे. काम कोणी केलं आणि जबाबदारी कोणी घेतली, दोन्ही उघड. मी माझ्या लेखांखाली यातलं काय लिहीत होतो? काहीच नाही.

मग नफ्याचं काय? इथे गोष्ट गोड नाही. ज्ञानकोश पुरा झाला, पण केतकर श्रीमंत झाले नाहीत. गुजराती ज्ञानकोशाचा खटाटोप त्यांनी केला, तो तडीस गेला नाही. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, मान मिळाला, पण पैशाची ओढाताण सुटली नाही. १९३७ मध्ये ते गेले, वय अवघं ५३.

पण एक नफा कंपनीच्या वहीत दिसत नाही. ज्ञानकोशाच्या कामात यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही माणसं होती. तिथे तयार झालेल्या या दोघांनी पुढे आणखी सहकाऱ्यांना घेऊन 'महाराष्ट्र शब्दकोश' केला. १९३२ पासून सात विभाग आले, आणि आजही मराठी शब्द अडला की लोक तोच उघडतात. केतकरांनी नुसतं काम वाटलं नाही, काम करणारी माणसं घडवली.

हे वाचल्यावर मी त्या मुलाला फोन केला. आता आमचा हिशोब असा आहे: त्याला ७० पैसे, आणि क्लायंट हो म्हणाला तर लेखावर त्याचं नाव. उरलेले ३० पैसे माझ्या वाचण्याचे. ओळ न् ओळ वाचतो, आकडे तपासतो, आणि काय बदललं ते त्याला सांगतो. १००० शब्दांना दीड तास जातो. म्हणजे तासाला २०० रुपये. बसल्या जागी मिळणारे ४०० गेले, पण हे २०० मी कमावलेले आहेत.

आणि गंमत सांगू? परवाच्या लेखात मला एकच चूक सापडली. पुढच्या वर्षी तो मला सोडून स्वतःची कामं घेईल बहुतेक. घेऊ दे.

तुम्हीही कोणाकडून काम करून घेत असाल, तर आज एकदा स्वतःला विचारा, मधले पैसे कशाचे घेताय? उत्तर मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर पाऊस सांभाळा, काळजी घ्या.