शिफ्ट, जे आणि मराठीचा अर्धा ‘ऱ’

‘आचार्यास पैसे दिले’ म्हटलं तर गुरूला मिळाले, ‘आचाऱ्यास’ म्हटलं तर स्वयंपाक्याला. हिंदीला या फरकाची गरज पडत नाही, त्यामुळे तो टाइप कसा करायचा हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. पण तो कीबोर्डात आधीपासून आहे. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ मध्ये इनस्क्रिप्टची मांडणी आहे आणि तीच पुढे विंडोजमध्ये आली. शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग तिरकी रेघ: ऱ्य. (युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ऱ’पुढे पहिली नोंद द्राविडी भाषांच्या लिप्यंतराची. आपला नंबर नंतर!)

गोची पुढे आहे. साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे जोडूनही हाच ऱ्य मिळतो. विंडोजमधला मंगल फॉन्ट रेखाटणारे र. कृ. जोशी जुहूच्या एनसीएसटीत होते. त्या मंगलमध्ये दोन्ही ऱ्य सारखेच दिसतात. वाचणाऱ्याला तेच हवं असतं. पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरमालिका आहेत आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही.

म्हणजे तुम्ही मजकुरात ‘शेतकऱ्यांनी’ किती वेळा आलंय ते मोजलंत, तर दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेले सगळे शेतकरी गळतात. मोजणीआधी झेडडब्ल्यूजेवाली रूपं शोधून ‘ऱ’वर आणा, आणि केलेला बदल पद्धतीच्या प्रकरणात लिहा.