पादचारी मार्गांचे प्रदीपन-नकाशे

रात्री पायी चालणाऱ्याला वाटेवर किती उजेड मिळतो, हे जागोजागी मोजून वा गणिताने काढून नकाशावर दाखविण्याची पद्धत. एकक लक्स (चौरस मीटरला एक ल्युमेन). पौर्णिमेचे चांदणे जेमतेम ०·१ ते ०·३ लक्स भरते.

दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रदीपन चौथाईवर येते. किरण जमिनीवर तिरपे पडले, तर आणखी घटते. खांबांची उंची, त्यांमधील अंतर व दिव्याचे प्रकाशवितरण ठाऊक असल्यास संगणक प्रत्येक बिंदूचा अंदाज देतो. काचेवरील धूळ आणि जुना झालेला दिवा यांसाठी घट धरतात. पदपथावर झुकलेल्या फांद्या मात्र हिशेबातून अनेकदा सुटतात, आणि अंधार नेमका तिथेच साचतो.

आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाच्या २०१० च्या शिफारशींत पादचारी मार्गांचे सरासरी प्रदीपन वर्गानुसार १५ ते २ लक्स आहे. परंतु समोरच्याचा चेहरा ओळखू यायला जमिनीवरचा उजेड पुरत नाही. त्यासाठी दीड मीटर उंचीवर, उभ्या पृष्ठावरचे प्रदीपन मोजावे लागते. आकाशातून मात्र एवढा तपशील दिसत नाही: सुओमी एनपीपी उपग्रहाच्या रात्रीच्या चित्रातील एक ठिपका सुमारे ७५० मीटरचा असतो. त्यावरून गल्ली कळत नाही. ती चालूनच मोजावी लागते.