तापणारी तार : शिवनसमुद्रापासून ओव्हनच्या कॉइलपर्यंत

भिंतीतल्या कपाटात बसवलेल्या विद्युत ओव्हनचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पडद्यावर तापमानाचे आकडेही दिसतात. पण आत ठेवलेला केक तासाभरानेही कच्चाच राहतो. बंगळुरूसारख्या शहरात, जिथे मॉड्युलर स्वयंपाकघरे आता सर्रास आढळतात, हा बिघाड नवा नाही. दोष बहुधा एकाच सुट्या भागात असतो : हीटिंग एलिमेंट, म्हणजे बोलीभाषेतील ‘कॉइल’. त्या भागाच्या पोटातील तारेचा इतिहास आणि बंगळुरूच्या विजेचा इतिहास जवळजवळ एकाच वर्षी सुरू होतो.

वीज आली ती दिव्यासाठी

कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र १९०२ साली सुरू झाले. म्हैसूरचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांनी या योजनेचा पाठपुरावा केला होता. केंद्र सुरू होण्याआधीच, १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले. तेथील वीज प्रथम शहरात नव्हे, तर सुमारे १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोहोचली. त्या काळातील जगातील सर्वांत लांब विद्युत वाहिन्यांमध्ये तिची गणना होत असे. बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते ऑगस्ट १९०५ मध्ये. विजेचे पथदिवे लावणारे आशियातील पहिले शहर, असा बंगळुरूचा उल्लेख वारंवार होतो. परंतु टोकियोच्या गिंझा भागात १८८२ मध्येच विजेचा आर्क दिवा लागला होता आणि दार्जिलिंगलाही १८९७ पासून जलविद्युत मिळत होती. बंगळुरूचे खरे वेगळेपण इतक्या दुरून आणलेल्या विजेत होते.

मात्र ही वीज उजेडासाठी आणि यंत्रांसाठी होती. पाव-बिस्किटांच्या भट्ट्या लाकडावरच चालत राहिल्या. उष्णतेच्या वाटेत एक वेगळीच अडचण होती.

उजेड सोपा, उष्णता अवघड

तारेतून वीज वाहिली की तार तापते, हे नवे नव्हते. हम्फ्री डेव्ही यांनी १८०२ मध्ये प्लॅटिनमची तार विजेने तापवून लाल केली होती. जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते. कॅनडातील ओटावा येथे टॉमस अहर्न यांनी १८९२ मध्ये विजेच्या ओव्हनवर शिजवलेले जेवण हॉटेलातील पाहुण्यांना वाढले. पुढच्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारे स्वयंपाकघर मांडले गेले.

तरीही ओव्हन घरोघरी गेला नाही. दिव्याचा तंतू काचेच्या निर्वात फुग्यात असतो. तिथे ऑक्सिजन नसल्याने तो जळत नाही. ओव्हनच्या तारेला मात्र हवेतच लाल होऊन तापावे लागे, तेही रोज आणि तासन्‌तास. लोखंडाच्या तारेवर ऑक्साइडचे पापुद्रे सुटत आणि ती झिजून तुटे. प्लॅटिनम टिकत असे, पण त्याची किंमत सोन्या-चांदीच्या पंक्तीतली. स्वस्त, उच्च रोधाची आणि हवेत न जळणारी तार कोणाकडेच नव्हती.

स्वतःची कातडी घडवणारी तार

ही तार अमेरिकी धातुशास्त्रज्ञ अल्बर्ट मार्श यांनी दिली. ६ फेब्रुवारी १९०६ रोजी, म्हणजे बंगळुरूत दिवे लागल्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी, त्यांना निकेल आणि क्रोमियमच्या संमिश्राचे पेटंट मिळाले. सुमारे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम असलेले हे संमिश्र पुढे ‘निक्रोम’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

त्याचे रहस्य न जळण्यात नाही, तर थोडेसेच जळून थांबण्यात आहे. तार तापली की पृष्ठभागावरील क्रोमियमचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट चिकटलेला थर तयार होतो. हा थर आतल्या धातूपर्यंत ऑक्सिजन सहजी पोहोचू देत नाही.

निक्रोमचा विशिष्ट रोध तांब्याच्या साठपटीहून अधिक असतो. २३० व्होल्टवर २००० वॅट उष्णता हवी असेल, तर सुमारे २६.५ ओहम रोध लागतो. अर्धा मिलिमीटर जाडीची निक्रोमची तार घेतली तर त्यासाठी पावणेपाच मीटर लांबी पुरते. तितक्याच जाडीची तांब्याची तार सुमारे ३०० मीटर लागली असती.

उघडी तार मात्र हाताला आणि भांड्याला धोकादायक होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तिला धातूच्या नळीत बसवण्याची पद्धत विकसित झाली. निक्रोमचे वेटोळे नळीच्या मध्यभागी ठेवून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासली जाते. ही भुकटी वीज अडवते, पण उष्णता बऱ्यापैकी वाहू देते. आजच्या ओव्हनमधील वाकवलेली काळसर नळी ती हीच.

कॉइल का जाते?

संरक्षण करणारा थरच अखेरीस तिच्या मृत्यूचे कारण सांगतो. प्रत्येक वेळी तार तापून फुगते आणि निवून आकसते. धातू आणि ऑक्साइड सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नसल्याने थराला तडे जातात. तडा भरून काढण्यासाठी नवे क्रोमियम खर्ची पडते. एखादी जागा बारीक झाली की तिथला रोध वाढतो, तीच जागा अधिक तापते आणि आणखी झिजते. शेवटी तार तिथेच तुटते.

दुसरा बिघाड ओलाव्याचा. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतील बाष्प शोषून घेते. नळीला तडा गेला, टोकाचे सील सैल झाले किंवा ओव्हन अनेक महिने बंद राहिला, तर विजेची गळती नळीकडे होते आणि आरसीसीबी खाली पडतो. अशा वेळी आरसीसीबीच सदोष ठरवून तो वगळणे जिवावर बेतू शकते. त्याने दिलेली सूचना खरी असते.

बदलण्याचे शास्त्र

दुरुस्तीची पहिली पायरी ओव्हनचे बटण नव्हे, तर त्या मंडलाचा एमसीबी बंद करणे आणि वीज खरोखर गेली आहे याची टेस्टरने खात्री करणे ही होय. ओव्हनमध्ये मायक्रोवेव्हचीही सोय असेल, तर वीज बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये घातक व्होल्टेज राहू शकते. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच. साधा ओव्हन दाराच्या चौकटीतील स्क्रू काढून दोघांनी मिळून बाहेर ओढला जातो. तारांच्या जोडणीचे छायाचित्र घेतल्यावरच त्या सोडवल्या जातात.

त्यानंतर मल्टिमीटर. २००० वॅटच्या कॉइलचा रोध २६ ओहमच्या आसपास आला, तर तार शाबूत आहे आणि दोष थर्मोस्टॅट, निवड-स्विच किंवा सैल जोडणीत शोधावा लागतो. रोध अनंत आला, तर तार तुटलेली आहे. थंड असताना केलेले हे मोजमाप विश्वासार्ह ठरते, कारण तापल्यावर निक्रोमचा रोध थोड्याच टक्क्यांनी बदलतो. नळी आणि टोक यांच्यामधील विद्युतरोधन मात्र मेगरने तपासणे योग्य.

बंगळुरूच्या एस. पी. रोडवर विजेचे सुटे भाग विपुल मिळतात. पण आकार जुळला म्हणजे कॉइल जुळली असे नाही. १२० व्होल्टसाठी बनवलेली कॉइल २३० व्होल्टवर सुमारे पावणेचारपट शक्ती खेचेल. व्होल्ट, वॅट, नळीची वळणे आणि पट्टीवरील छिद्रांचे अंतर, हे सारे जुळावे लागते. अर्थिंगची तार पूर्ववत घट्ट बसवल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. नव्या कॉइलवरील तेलकट थर जळून जावा म्हणून पहिल्यांदा ओव्हन रिकामाच, खिडकी उघडी ठेवून तापवला जातो.

एक भाग की संपूर्ण यंत्र?

कॉइल झिजणार हे तिच्या घडणीतच लिहिलेले आहे. ओव्हनचा पत्रा, काच आणि पंखा यांचे तसे नाही. म्हणूनच एका तुटलेल्या तारेपायी पूर्ण ओव्हन भंगारात जाणे हा तंत्रज्ञानाचा नव्हे, तर व्यवस्थेचा पराभव ठरतो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस त्यासाठी पोर्टल सुरू केले, ते याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. सुटा भाग मिळणे, त्याची माहिती खुली असणे आणि ती वाचता येणारा माणूस उपलब्ध असणे, या तिन्ही गोष्टी असतील तरच हा हक्क स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. त्यातील तिसऱ्या गोष्टीसाठी जूलचा नियम आणि एक मल्टिमीटर ही चांगली सुरुवात आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #बंगळुरू #दुरुस्तीचा_हक्क