गोळीचे वजन: मोठ्या बोअरच्या शिकारी रायफलीसाठी

ढोबळमानाने .३७५ इंच आणि त्याहून रुंद नळीच्या शिकारी रायफलीला किती वजनाची गोळी व कोणते कारखानी काडतूस योग्य, हा या नोंदीचा विषय. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. बाजारात एकेकाळी रुळलेला तोळा ब्रिटिश हिंदुस्थानात १८३३ पासून १८० ग्रेनचा धरला गेला. म्हणजे मासा १५ ग्रेनचा. त्या हिशेबाने .३७५ हॉलंड अँड हॉलंडची ३०० ग्रेनची गोळी १ तोळा ८ मासे, .४५० नायट्रो एक्सप्रेसची ४८० ग्रेनची २ तोळे ८ मासे आणि .५७७ ची ७५० ग्रेनची ४ तोळे २ मासे भरते.

या वजनांमागे हिंदुस्थानचा मोठा वाटा आहे. जॉन रिग्बी यांच्या पेढीने १८९८ मध्ये आणलेले .४५० काडतूस इथल्या शिकाऱ्यांत लोकप्रिय झाले. पण लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीही त्याच व्यासाच्या होत्या, आणि खासगी वापरासाठी आलेल्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील अशी सरकारला धास्ती होती. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरवर बंदी आली. बर्मिंगहॅम-लंडनच्या बंदूककारांनी लगोलग व्यास थोडा बदलून नवी काडतुसे काढली: .४७०, .४७५, .४७६ आणि हॉलंड अँड हॉलंडचे .५००/४६५, ज्याला ‘.४६५ इंडिया’ असेही म्हणतात. वजन मात्र जवळपास तेच राहिले, ४८० ते ५२० ग्रेन. वेगही सेकंदाला सुमारे २१५० फूट. कायद्याने व्यास बदलला, मात्र जनावर तेच होते.

एवढी जड गोळी एवढ्या बेताच्या वेगाने का फेकायची? गव्याची किंवा हत्तीची जाड कातडी, स्नायू आणि हाड भेदून आत सरळ जायचे, तर व्यासाच्या मानाने गोळी लांब व जड हवी. .३७५ मध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. १९१२ पासूनच्या या काडतुसात २३५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २८०० फूट वेगाने निघते, २७० ची २६५० फुटांनी आणि ३०० ची २५०० फुटांनी. हलकी गोळी दूरवर कमी झुकते. सांबरासारख्या जनावरासाठी मधली पुरेशी. समोर गवा असेल तर ३०० ग्रेनच घ्यावी, इथे तडजोड नको. गोळीची बांधणीही तितकीच महत्त्वाची. वाघासाठी टोक उघडे असलेली सॉफ्ट नोज, कारण ती अंगात पसरून घाव रुंद करते. हत्तीच्या कवटीसाठी पूर्ण आवरणाची सॉलिड. सॉफ्ट नोज गव्याच्या खांद्यावर फुटली, तर जखमी जनावर झाडीत शिरते, आणि मग त्याच्या मागावर जाणाऱ्या पागीचा जीव धोक्यात येतो.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. त्या काळची कॉर्डाइट ही दारू तापली की नळीतला दाब वाढायचा. म्हणून नायट्रो एक्सप्रेस काडतुसांच्या पितळी पुंगळ्या मोठ्या आणि दाब मुद्दाम कमी ठेवलेला असे. कायनॉक कंपनी उष्ण प्रदेशांसाठी दारूचे माप घटवलेली काडतुसेही भरे.

दुनळी रायफलीत तर निवडीला फारशी जागा उरतच नाही. शेजारच्या दोन नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी पडाव्यात म्हणून कारागीर एका विशिष्ट वजनावर आणि दारूच्या मापावर नळ्या जुळवतो. त्या जुळणीच्या वेळचे कॉर्डाइटचे माप आणि गोळीचे वजन जुन्या इंग्रजी दुनळीच्या नळ्यांच्या बुडाशी कोरलेले सापडते; .५००/४६५ वर ते अनुक्रमे ७३ आणि ४८० असते. वीस-तीस ग्रेनचा बदलही डावी-उजवी गोळी वेगवेगळ्या जागी पाडू शकतो. नावे वाचून फसगत होते ती वेगळीच. .४७५ नंबर २ आणि त्याचाच जेफरी प्रकार ऐकायला एकसारखे वाटतात, पण पहिल्याची गोळी ४८० ग्रेनची, दुसऱ्याची ५०० ग्रेनची आणि किंचित जाड असते. घट्ट नळीत जाड गोळी घालणे धोक्याचे आहे.

सामान्य परवानाधारकाला इतके पर्याय कधी मिळालेच नाहीत. .३०३ हे लष्करी बोअर खासगी हाती देत नसत, म्हणून इशापूरच्या कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल देशभर पसरली. मोठ्या बोअरपेक्षा ती खालच्या वर्गातली. तिचे काडतूस ८ मिमी मानलिशेर काडतुसावर बेतलेले, गोळी २४४ ग्रेनची सॉफ्ट नोज. पुण्याजवळच्या खडकी कारखान्यातून येणाऱ्या या काडतुसात वजनाची निवड करायची वेळच येत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपले. वारशाने घरात आलेल्या दुनळ्या मात्र आजही परवान्यावर आहेत, आणि कायनॉकने साठच्या दशकात मोठी काडतुसे भरणे जवळजवळ थांबवल्यावर त्यांना लागणारी काडतुसे दुर्मीळ झाली. पुढे अमेरिकेतील फेडरल आणि हॉर्नडी यांनी .४७०, .४५०/४०० अशी काडतुसे पुन्हा बाजारात आणली, बहुतेक जुन्याच वजनांत. मात्र अखंड तांब्याच्या गोळ्या शिशाच्या गोळ्यांपेक्षा कडक असतात. जुन्या, पातळ नळ्यांच्या आट्यांवर त्यांचा ताण जास्त पडतो. अशी रायफल चालवण्याआधी जाणकार बंदूककाराकडून नळीचा व्यास मोजून घ्यावा, कोरलेले वजन पाहावे आणि त्याच वजनाच्या काडतुसांनी पन्नास यार्डांवर आधी उजवा, मग डावा बार काढून दोन्ही गोळ्या किती जवळ पडतात ते तपासावे.