नीलमोहर आणि लालबागेची रोपवाटिका

बंगळुरूच्या हवेत काहीही फुलतं, हे विधान इतक्या वेळा केलं गेलं आहे की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. नीलमोहराच्या बाबतीत तो मागायला हवा. हे झाड मूळचं वायव्य अर्जेंटिना आणि दक्षिण बोलिव्हियातलं, अँडीजच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं. त्याची घडणही तिथलीच. कोरड्या ऋतूत त्याची बारीक पानं गळतात आणि जवळजवळ उघड्या फांद्यांवर निळ्या-जांभळ्या, नळीदार फुलांचे घोस लटकतात. फुलाच्या आत पाहिलं तर चार पुंकेसरांबरोबर पाचवा, त्यांच्याहून लांब, केसाळ आणि वांझ पुंकेसर दिसतो. फळ चपटं, गोल आणि लाकडासारखं टणक. ते उकललं की पातळ पंखांचं बी वाऱ्यावर दूर जातं. डोंगरउतारावर वंश वाढवायला ही रीत उत्तम, पण शहरात ते बी डांबरावर पडून वाया जातं. त्यामुळे बंगळुरूच्या रस्त्याकडेला उभा असलेला नीलमोहर बहुधा कोणीतरी रोपवाटिकेत वाढवून, खड्डा खणून, पाणी घालून जगवलेला असतो. हे शहर नीलमोहराचं झालं ते हवेमुळे नव्हे, पिढ्यान् पिढ्या चाललेल्या एका सरकारी रोपवाटिकेमुळे, असं माझं म्हणणं आहे.

यावर कोणी म्हणेल, हवेचा वाटा अगदीच नाकारता येईल का? नाहीच येणार. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंची आणि कोरडा, सौम्य हिवाळा या झाडाला मानवतो. मुंबईच्या दमट किनाऱ्यावर ते असं भरभरून फुलत नाही. पायाखालचा दगडही त्याला परका नाही. बंगळुरूच्या लालबाग उद्यानातला खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा आहे. पण हीच हवा आणि हाच दगड 1791 सालीही होता. ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याबरोबर आलेल्या रॉबर्ट होम या चित्रकाराची बंगळुरूची चित्रं 1794 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत किल्ल्याभोवती दिसतं ते मोकळं माळरान, सावलीचे रस्ते नव्हेत. शहराजवळ मोठी नदी नाही. जे पाणी होतं ते माणसांनी बांधलेल्या तळ्यांचं, आणि हेसरघट्ट्याचं नळाचं पाणी शहरात आलं ते 1890 च्या दशकात. अनुकूल हवा झाडाला जगू देते, पण ते आणून लावत नाही.

लावण्याचं काम लालबागेनं केलं. हैदर अलीनं 1760 साली ही बाग सुरू केली, टिपूनं दूरदूरच्या मुलखांतून रोपं मागवली. 1856 मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली आणि परदेशी झाडं इथे आणून, रुळवून, वाटण्याचं काम नियमानं होऊ लागलं. जॉन कॅमेरॉननं 1874 पासून तीन दशकांहून अधिक काळ ही बाग सांभाळली. त्याच्यामागून 1908 साली आला गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगल. ड्रेस्डेनजवळ जन्मलेला आणि लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला हा जर्मन माळी हिंदुस्थानात प्रथम रुजला तो बडोद्यात, सयाजीराव गायकवाडांच्या पदरी. मराठी वाचकाला हा दुवा ठाऊक असायला हवा: बंगळुरूला वळण लावणारा माणूस आधी एका मराठी संस्थानिकाच्या बागा घडवत होता. एका झाडाचा बहर ओसरताना दुसरं फुलावं आणि रस्ता वर्षभर रिकामा राहू नये, या लागवडीच्या क्रमाचं श्रेय त्याला दिलं जातं.

मात्र सगळं श्रेय एकट्या क्रुम्बिगलला देणं मला पटत नाही. 1932 मध्ये तो निवृत्त झाल्यावर एच. सी. जवरय्या आले, पुढे एम. एच. मरीगौडांनी लालबाग वाढवली आणि रोपवाटिकांचं जाळं राज्यभर नेलं. 1980 च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांच्या देखरेखीखाली शहरात सुमारे 15 लाख झाडं लावली गेली. रस्त्याकडेचं झाड माणसाच्या हिशेबानंही फार जुनं होत नाही. फांद्या छाटल्या जातात, मुळांवर काँक्रीट येतं, खोदकामात मुळं तुटतात. क्रुम्बिगल गेला 1956 साली. त्यानंतरही रस्ते फुलत राहिले, कारण नवी रोपं लावणारे लोक पगारावर होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: परक्या शोभेच्या झाडासाठी देशी झाडं डावलली गेली. यात तथ्य आहे. बंगळुरूभोवतीच्या खेड्यांत गुंडुतोपु असत, म्हणजे आंबा, चिंच, जांभूळ यांच्या गावकीच्या राया. त्यांतल्या किती तरी शहराच्या पोटात गेल्या आणि त्यांची फळं व सावली नीलमोहरानं भरून निघाली नाही. पण त्या राया गिळल्या वस्तीनं आणि रस्त्यांनी, नीलमोहरानं नव्हे. शिवाय देशी करंज आणि परका नीलमोहर एकाच रोपवाटिकेत वाढू शकतात. दक्षिण आफ्रिकेत हे झाड रानात घुसखोरी करतं म्हणून त्यावर कायद्याची बंधनं आली. तसं इथे होऊ नये, एवढी दक्षता घेतली म्हणजे झालं. खुद्द त्याच्या मायभूमीत जंगलं तुटल्यामुळे रानातला नीलमोहर आता धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे.

कर्नाटकात झाडं वाचवणारा कायदा 1976 पासून आहे. तो झाड तोडताना परवानगी मागायला लावतो. पण म्हातारं झाड पडण्याआधी त्याच्या शेजारी नवं रोप लागावं, यासाठी माळी, पाणी आणि दरवर्षीची तरतूद लागते. बंगळुरूच्या महापालिकांनी उड्डाणपुलांइतकाच हा खर्चही आवश्यक मानावा, आणि पुण्या-मुंबईच्या पालिकांनीही.